हाक्याला माणूस कमी

ग्रेटाने दुर्बीण बसवायला आलेली कर्टची बंदूक मागच्या फळीवरून उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवून दिली.

तिच्या बंदुकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार, म्हणजे विस्कॉन्सिनच्या या टोकाला आज कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. भडक नारिंगी जॅकिटं घातलेले बाप्ये आणि बायका काडतुसांसाठी रेटारेटी करत होते. गेल्या हंगामातल्या हरणांची शिंगं बोलण्याबोलण्यात हातभर वाढली होती.

"दे ना, ग्रेटामावशी," कर्ट हसत म्हणाला. तिशीतला, तिच्या मैत्रिणीचा मुलगा. कागद गिरणीतून त्याला कालच काढून टाकल्याचं गावभर झालं होतं. "सोमवारी पाळी बदलते ना, तेव्हा गिरणीच्या फाटकावर सगळे एकत्रच असतात. साहेबसुद्धा. कसे दाटीने उभे असतात, बघितलंयस कधी?"

हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं तो हे बोलला. असं काही घडून गेल्यावर बातम्यांत हटकून एखादा शेजारी म्हणतो, तो तसं बोलला होता खरा, पण आम्हाला थट्टा वाटली. तिला तो शेजारी व्हायचं नव्हतं.

"दुर्बीण नीट बसली नाहीये अजून," ती म्हणाली. "आज नाही मिळायची."

"हंगाम उद्या, आणि तू हे आज सांगतेस?"

रांगेतल्या माना वळल्या. आदल्या दिवशी एखाद्याची बंदूक अडवणं म्हणजे या गावात त्याची अब्रूच काढणं. कर्टची मान लालबुंद झाली. ग्रेटाने दोन्ही हात काउंटरवर दाबून धरले. तिचा दीर हॅरल्ड कॉफी पीत उभा होता. त्याने बंदुकीकडे पाहिलं, मग वहिनीच्या हातांकडे.

"बरं झालं!" त्याने कर्टच्या पाठीवर थाप मारली. "आम्हाला हाक्याला माणूस कमीच आहे. गोळ्या झाडायला म्हातारे ढीगभर, पण दलदलीत शिरून हरणं उठवायला एकाचे गुडघे धड असतील तर शपथ."

"बिनबंदुकीचा जाऊ?"

"हाका घालायला बंदूक कशाला लागते? घसा लागतो. जेवण ग्रेटाच्या हातचं."

"आजवर कधी बोलावलं नाहीत ते."

"मग आता काय आमंत्रणपत्रिका छापू, लेका?"

कुणीतरी हसलं. कर्ट निघून गेला.

सकाळी त्याची गाडी शिकारीच्या तळावर येताना दिसली तेव्हा ग्रेटाला रडूच फुटायचं बाकी होतं.

दलदलीच्या कडेने सगळे बंदुका घेऊन उभे राहिले. आतून आरोळ्या सुरू झाल्या, त्यांत कर्टची सगळ्यांत मोठी. फांद्या कडाकड मोडत जवळ येऊ लागल्या. एकाएकी झाडोरा फुटला, भलंमोठं शिंगवालं हरीण त्यांच्या रांगेतून उधळत मागच्या माळावर गेलं. ग्रेटा गर्रकन वळली, बार काढला, आणि हरीण कोसळलं. एकच जल्लोष झाला.

मग झाडोऱ्यात नारिंगी रंग हलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळल्या. चिखलाने बरबटलेला कर्ट बाहेर आला आणि त्या रांगेसमोर क्षणभर थबकला.

"पडलं?" तो ओरडला आणि धावत सुटला. "मावशी, मीच उठवलं त्याला! माझ्या अंगावरून उडी मारून गेलं! हॅरल्ड, अरे बघतोस काय, शिंगं बघ!"

हॅरल्डने त्याला उचलूनच घेतलं. सगळे एकदम बोलत होते. किती तरी दिवसांत कर्टला कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं. ग्रेटाही वेड्यासारखी हसत होती.

गलका थोडा ओसरल्यावर कर्ट तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. हाताचा चिखल गवताला पुसत राहिला.

"मावशी, घरी तळघरात माझ्या बापाची एक आहे. भरलेली," तो म्हणाला. "जेवण झालं की येऊन घेऊन जाशील?"

ग्रेटाने हॅरल्डला खूण केली आणि उठली.

"आत्ताच जाऊ. जेवण काय, थांबेल."

"हो," कर्ट म्हणाला. "आत्ताच बरं."