सोमीने ठेवलेला झुपका

मित्रांनो, मी एक म्हातारी कोळीण आहे. शिरगावला मासळी विकते ती नव्हे हं. मी आठ पायांची, गवतातली. जाळं विणणं आमच्या घराण्यात नाही. आम्ही धावून शिकार करतो.

माझा जन्म बोईसरजवळच्या माळावरचा. तिथलं गवत पुरुषभर उंच. पुढे तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं, साहेबांसाठी बंगले उठले आणि माळ गेला. त्याच जागी एका साहेबांच्या बायकोने, मंगलाबाईंनी, पुन्हा गवतच लावलं! रोज पाणी घालायचं आणि बोटभर वाढलं की डोंगराकडून कामाला येणाऱ्या सोमीकडून कापून घ्यायचं. दारात गुरंढोरं तर नाहीतच. मग हा खटाटोप कुणासाठी? विचार करून माझं डोकं पिकलं.

तरी तुडतुडे मुबलक होते, संसार चालला होता. अंड्यांची पांढरी पिशवी मी पोटामागे बांधून हिंडवली. पिल्लं निघाली, ती सगळी पाठीवर चढून बसली. नेमका त्याच सकाळी सोमीचा विळा फिरू लागला. इकडे पळावं तर विळा, तिकडे उघड्यावर टपलेल्या साळुंक्या. शेवटी कुंपणापाशी एक झुपका उभा दिसला, त्यात शिरले.

सोमीने विळा खाली ठेवला. मंगलाबाई बाहेर आल्या.

"अगं, हा झुपका राहिला की!"

"ऱ्हायला नाय बाय, ठेवला हाय. आमी डोंगरावर गवत कापतो, तवा शेवटचा झुपका उभाच ठेवतो. जमीन पुरी उघडी करू नाय."

"का?"

"ठावं नाय. आई ठेवायची."

"हे काय तुझं रान आहे? साहेब चिडतील. काप, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

सोमीने विळा उचलला नाही. तशा बाई स्वतःच वाकल्या. त्यांनी झुपका बाजूला सारला, तो समोर मी!

"ई! कोळी! डीडीटीचा डबा आण आधी!"

सोमी डोकावली. "बाय, लेकुरवाळी हाय. पाठीवर पोरं बघा."

बाईंनी आणखी वाकून माझ्या पाठीवरची पोरं पाहिली. मग म्हणाल्या, "असू दे. साहेबांना मी सांगेन. तू उद्या ये."

ज्या तोंडाने 'काप' म्हटलं, त्याच तोंडाने 'असू दे'! मी आणखीच गोंधळले.

पिल्लं मोठी झाली, एकेक करून उतरून गेली. मित्रांनो, गवत लावता का आणि कापता का, मला अजून उमगलेलं नाही. कापायचं तर कापा, पण शेवटचा झुपका ठेवा. तो कशासाठी, हे सोमीलाही सांगता आलं नव्हतं. माझी पोरं तिथून चालत गेली, एवढंच मला ठाऊक आहे.