बिनकाठाच्या तलावाखालचा पंप

"पाण्याचा एवढा थाट, आणि पंपाला जागा दिलीय मांजर वळणार नाही एवढी! माणसानं पाना फिरवायचा तरी कुठल्या हातानं?"

प्लंबर माझ्याशेजारी आडवा पडून पुटपुटत होता. त्याचं कोपर भिंतीला खरवडत होतं आणि घाम माझ्या पाठीवर ठिबकत होता. मित्रांनो, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत या घरात माझी बाजू घेणारं एवढंच काय ते बोलणं माझ्या कानावर पडलं. बाकी सगळ्या मी शिव्याच खाल्ल्या.

मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावाला पाणी चढवणारा पंप तो मीच. आज माझा रंग उडाला आहे आणि बूड गंजलं आहे. पण मीही कधीतरी चकचकीत होतो बरं का. माझ्या मोटारीत तांब्याची तार गुंडाळणारी एक बाई कारखान्यात होती. गुंडाळी संपली की न्हाऊ घातलेल्या बाळाला थोपटावं तशी ती प्रत्येक मोटारीला थोपटायची. मग मला टाकीला जोडून चालवून पाहिलं. मी एका सुरात गुणगुणलो. तपासनीस म्हणाला, "गोड आवाज आहे." ते कौतुक मी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरलं, कारण पुढे बरेच दिवस दुसरं मिळालंच नाही.

मला विकत घेणाऱ्या साहेबांचं सगळंच उलटं. आधी तलावाचा आराखडा होतो, मग पाइप ठरतात, त्यावरून पंप ठरतो. यांनी आधी मलाच आणलं आणि खोक्यासकट व्हरांड्यात ठेवलं. त्यामुळे पुढची सगळी बोलणी मी ऐकली. ऐकली नसती तर बरं झालं असतं. निदान मनस्ताप तरी वाचला असता.

जागा उताराची होती. वर साहेबांचं घर. खाली कुंपणापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं. वाटणी झाली तेव्हा त्यांची आई खालच्या घरी राहायला गेली. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. समोरासमोर आले की एक जण आभाळाकडे बघायचा आणि दुसरा चपलेकडे.

प्लंबरनं व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं चित्र काढलं.

"साहेब, या तलावाला समोरून काठ दिसत नाही. म्हणजे असतो, पण पाण्याच्या पातळीहून किंचित खाली. पाणी त्यावरून सारखं सांडतं, खालच्या टाकीत पडतं आणि पंप ते परत वर नेतो. आता तुम्ही मंडळी आत उतरलात की तेवढं पाणी बाहेर ढकललं जाणार. पंप बंद केलात की काठावरचंही खालीच येणार. ते सगळं मावायला टाकी ऐसपैस पाहिजे."

"मग काढ की ऐसपैस."

खडूची रेघ पुढे सरकली आणि कुंपण ओलांडून गेली. प्लंबरनं मान खाजवली. "इथे धाकट्या साहेबांची जागा लागते. हातभर मिळाली तरी भागेल. एकदा विचारून..."

"विचारायचं नाही."

"मग काठ त्या बाजूला घेऊ. तिकडे जागाही आहे आणि समोर डोंगर दिसतो."

"काठ याच बाजूला हवा. टाकी कुंपणाच्या आत बसव. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो."

प्लंबरनं बोट ओलं केलं, रेघ पुसली आणि आत एक अरुंद चौकोन काढला. "बसवतो," एवढंच म्हणाला. साहेबांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांनी पुसलेल्या रेघेकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पायपुसणं झटकत आत निघून गेल्या. एवढं स्वच्छ पायपुसणं एवढ्या जोरानं झटकलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही. अर्थात दुसरं घर मी पाहिलेलंच नाही.

तलाव झाला. मला टाकीशेजारच्या खड्ड्यात बसवलं. जोडीला वाळू भरलेला फिल्टर दिला. तो ढेरपोट्या कधी एक शब्द बोलला नाही. कळ दाबली, मी गुणगुणलो आणि काठावरून पाण्याचा पातळ पडदा उतरला. तलावात उभं राहिलं की आधी पाणी दिसायचं आणि त्याला चिकटून थेट आभाळ. मधलं खालचं घर, त्याचं छप्पर, कपड्यांची दोरी, ऊन खात बसलेल्या आईची खुर्ची, सगळं पुसलं जायचं. "काय व्ह्यू आहे!" असं पाहुणे म्हणायचे. साहेब खूश. घरातली माणसं मात्र अशा वेळी नेमकी टॉवेल शोधायला आत जायची.

आणि मग व्हायचं ते झालं. एकदा साहेबांचे मित्र सहकुटुंब आले आणि धबाधबा उतरले. पाणी काठावरून उसळलं, टाकी भरली, टाकीच्या तोंडावरून वाहिलं आणि कुंपणाखालून धाकट्याच्या अंगणात गेलं. मंडळी बाहेर आली तसा तलाव उणा झाला. आता आधी तलाव भरायचा, मगच पाणी काठावरून परत येणार. मी टाकी उपसत राहिलो. अरुंद टाकी ती, तिचा तळ कधी उघडा पडला कळलंही नाही. माझ्या तोंडात पाण्याऐवजी हवा आली. मित्रांनो, पंपाला पाणी हेच वंगण आणि पाणी हाच थंडावा. कोरडा फिरलो की पाणी मोटारीत शिरू न देणारं माझं आतलं सील भाजतं. मी किंचाळलो.

"पंपच भिकार निघाला!" साहेब पाहुण्यांसमोर म्हणाले आणि त्यांनी मला लाथ घातली. अनवाणी होते, अंगठा ठेचला तशी शिवी हासडली. ती शिवीसुद्धा माझ्याच खात्यावर जमा झाली.

पुढे तेच चालू राहिलं. सील बदललं. पाइप बदलला. पाणी संपलं की मला बंद करणारा एक तरंगता बॉल टाकीत सोडला. मग मी ऐन पाहुण्यांत बंद पडू लागलो, म्हणजे शिव्या पुन्हा मलाच. ढेरपोट्याला कुणी बोट लावलं नाही. टाकीकडे तर कुणी बघेचना. प्लंबर यायचा, टाकीत डोकावायचा, साहेबांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पंपालाच काहीतरी झालंय." त्या माणसाचा मला जितका राग आला तितका लाथेचाही आला नाही.

सांडलेलं पाणी खाली मुरत होतं. कुंपणाला लागूनच आईची खोली होती. तिथली भिंत आधी ओली दिसू लागली, मग तिचे पोपडे सुटले. आईला खोकला लागला. रोज सकाळी कुंपणापलीकडून तो खोकला ऐकू यायचा आणि वर साहेब वर्तमानपत्राचं पान जरा जास्तच आवाज करून उलटायचे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं यंत्र ओरडू लागलं तर त्याला लाथ मारण्याआधी त्याला काय कमी पडतंय ते बघा. आम्हाला खोटं ओरडता येत नाही. पाणी नाही तर नाही, असंच आम्ही सांगतो. माझं एवढं ऐकलं असतं, तर त्या खोलीतलं अंथरूण उचलायची वेळ आली नसती.

ती वेळ आलीच. एका सकाळी धाकटा तरातरा वर आला, तेव्हा प्लंबर मला उपटायच्या तयारीत बसला होता.

"दादा, आईचा पलंग आज ओट्यावर काढलाय. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. तुला ऐकू येत नाही तिचा खोकला?"

"ओरडू नकोस. पंप खराब आहे. बदलतोय. विचार याला."

प्लंबर पान्याशी चाळा करत म्हणाला, "तसं... पंपाचंच आहे म्हणायचं."

"गेल्या वेळीही पंपच होता! किती वेळा पंपाच्याच मागे लागशील? खाली ये एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"मी नाही येणार तुझ्या दारात. आणि आईची एवढी काळजी असेल तर पाठव तिला वर. मी कधी नको म्हटलं होतं? तीच गेली."

तेवढ्यात साहेबांच्या पत्नी बाहेर आल्या. हातात टॉवेल नव्हता, पायपुसणं नव्हतं. त्या माझ्या खड्ड्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"सोडा तो पंप," त्या प्लंबरला म्हणाल्या. "तो चांगला आहे. टाकी लहान आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

"तू मध्ये पडू नकोस," साहेब म्हणाले.

"एवढे दिवस नाहीच पडले. अहो, डोंगर सोडून काठ इकडे का घेतलात? खालचं घर दिसायला नको, आईंची खुर्ची दिसायला नको, म्हणून तुम्ही हे पाणी मध्ये घातलंत. त्यांना आपल्या पायऱ्या चढवत नव्हत्या हो. म्हणून त्या खाली गेल्या. तुम्हाला सोडून नाही गेल्या."

साहेबांनी चपला पायांत घातल्या आणि ते खालच्या घराच्या वाटेला लागले; प्लंबरनं मला तिथेच ठेवून खिशातला खडू काढला.