तीन मुठी पाला

दुकानवाल्या बाईंनी दोरीवरचं कापड चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, “छपाईवाले, हा पिवळा नाही. हा आजारी पडलेला पिवळा आहे.”

छपाईवाल्याला हसू आलं नाही, कारण बाई खरं तेच बोलत होत्या. त्यांना चाळीस टेबलक्लॉथ हवे होते आणि ते गुंडाळायला छापील कागद, सगळं त्याच्या बायकोच्या पिवळ्यात. बायको जाऊन तीन महिने झाले होते. पिवळा तिच्याबरोबरच गेला होता.

तीस वर्षं दोघांनी काम वाटून घेतलं होतं. चूल तिची, चौकट त्याची. मागच्या भिंतीपलीकडे घाणेरी माजली होती. कुणीतरी कधीकाळी शोभेचं कुंपण म्हणून परमुलखातून आणलेलं झुडूप, ते आता पार ओढ्यापर्यंत पसरलं होतं. त्याच्याखाली गवत उगवत नसे आणि शेळी त्याला तोंड लावत नसे. बायको त्याचा पाला तोडायची, उकळायची, गाळायची, तुरटी घालायची, डिंकाने दाट करायची. मग तो जाळीच्या चौकटीवर रंग ओतून रबरी पट्टी ओढायचा. “नाव घाणेरी आणि गुण सोन्याचे,” ती म्हणायची, “तुमचं नेमकं उलटं.” चुलीकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

वहीत तिने लिहून ठेवलं होतं: पातेलंभर पाणी, तीन मुठी पाला, अर्धी मूठ तुरटी. बस, एवढंच. तो अक्षरशः तसंच करत होता. पातेलं तेच, पाला तोच, आणि रंग दर वेळी गढूळ, शेवाळ्यासारखा.

आई गेली तेव्हा लेक दहा दिवसांसाठी आली होती, ती राहिलीच. परगावी तिची नोकरी होती. सोमवारपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे नाही, असं तिच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. तो रोज तिला जा म्हणायचा. ती रोज म्हणायची, “रंग जमला की जाते, बाबा. असं अर्ध्यावर टाकून कशी जाऊ?” आणि पातेलं घासायला बसायची. मागची खिडकी घाणेरीने बाहेरून इतकी दाबून धरली होती की ती उघडत नव्हती. चुलीची वाफ आतच फिरायची, अंगाला चिकटायची. जेवतानाही दोघं त्या पिवळ्याबद्दलच बोलायची. दुसरं काही बोलायचं तर बायकोचं नाव निघालं असतं.

गुरुवारी लेक डिंक आणायला बाजारात गेली. पाला ओरबाडून त्याचे तळवे सोलून निघाले होते. चुलीपाशी खिळ्याला बायकोचे रबरी हातमोजे लटकत होते. तीन महिने त्याने त्यांना हात लावला नव्हता. आज एक काढला आणि चढवायला गेला. बोटं अर्ध्यावर गेली आणि पेरांपाशी अडकली. ओढलं, दाबलं, मोजा पुढे सरकेना.

एवढासा हात? तीस वर्षं त्याने तो धरला होता. मापून कधी पाहिला नव्हता.

वहीतली मूठ तिची होती. तो आपला पंजा भरभरून घालत होता.

मोज्याच्या मुठीत मावेल एवढाच पाला त्याने घेतला. तुरटीही तशीच. तासाभराने एक कापड छापलं, वाळवलं, इस्त्री केली. समोर तिचा पिवळा होता. त्यात कसलीही खोट नव्हती.

दाराशी लेकीची चाहूल लागली. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि तिचंच बोलणं त्याला आठवलं. रंग जमला की जाते. त्याने कापडाची घडी घातली आणि कागदांच्या गठ्ठ्याखाली सारली. उरलेला रंग मोरीत ओतला.

शुक्रवारी त्याने मुद्दाम पंजा भरून पाला घातला. शनिवारीही. शनिवारी लेक चुलीसमोर खाली बसली आणि म्हणाली की चूक तिचीच आहे. आई शिकवायला बघत होती, तेव्हा तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. मान खाली घालून तो चौकट पुसत राहिला. ती आधीच स्वच्छ होती. मग लेकीने फोन हातात घेतला. साहेबांना सांगून टाकते, म्हणाली, सोमवारी जमणार नाही.

तिने नंबर लावायच्या आत त्याने गठ्ठ्याखालून कापड ओढून तिच्यासमोर धरलं.

“जमला,” तो म्हणाला.

“कधी?”

“आत्ता.”

तिने कापडावरून अंगठा फिरवला. घडीची खूण दाबून पाहिली. छपाईवाल्याचीच लेक ती. “आत्ताचा रंग असा वाळत नाही, बाबा.”

“गुरुवारी जमला.”

“म्हणजे दोन दिवस मी उगाच पातेली घासतेय.”

“हो.”

का, ते तिने विचारलं नाही. त्याने मोजा पुढे केला आणि मुठीची गोष्ट सांगितली. तिने तो हातात चढवला. एका झटक्यात, मनगटापर्यंत गेला. तिने मूठ वळली आणि उघडली. दोघंही त्या हाताकडे बघत राहिली. या हाताने वही वाचली तर पिवळा कधीच चुकणार नव्हता, हे दोघांनाही एकदमच कळलं होतं. हा मोजा तिने या तीन महिन्यांत एकदा जरी चढवला असता तर! पण चूल आईची म्हणून तीही खिळ्याला हात लावत नव्हती, आणि पाला नेहमी बाबाच मोजत होते.

“थांबू का?” तिने विचारलं.

त्याला हो म्हणायचं होतं.

“काढ तो मोजा,” तो म्हणाला. “तुझ्या हाताची इथे गरज नाही.”

तिने तो काढला. मोजा खिळ्याला लावून आत बॅग भरायला गेली.

रविवारी तिला गाडीत बसवून तो परत आला. मागची खिडकी उघडायला गेला. ती हलली नाही. मग त्याने पातेल्यात पाणी घेतलं, खिळ्यावरच्या मोज्याकडे बघत बोटं आखडली आणि एक मूठ पाला टाकला. दुसरी टाकली. तिसऱ्या मुठीला हात नकळत मोठा झाला.

त्याने सगळा पाला पाण्यातून काढून टोपलीत टाकला आणि पुन्हा पहिल्या मुठीपासून सुरुवात केली.