दुखण्याची वही

कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत रंगाऱ्याच्या बायकोने टेबलावरची वही छातीशी ओढली.

“ही आज दाखल करू नका, वकीलबाई.”

“अहो, दाव्याचा सगळा भार त्या वहीवर आहे!”

लस टोचणाऱ्याने सुई दंडाऐवजी थेट खांद्याच्या सांध्यात खुपसली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून रंगाऱ्याचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, आणि हातच वर जात नसेल तर छत रंगवणाऱ्याने करायचं काय? भरपाई हवी तर दुखण्याची रोज नोंद ठेवा, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. बायको शाळेत कारकूनच होती. तिथली हजेरी ती सोमवारीच शनिवारपर्यंत भरून मोकळी व्हायची. माणसं कुठे पळून जाणार आहेत, म्हणायची. नवऱ्याचं दुखणंही तिने तसंच आठवडा आठवडा आगाऊ लिहिलं.

‘बुधवार: हातातून कप निसटला,’ असं तिने रविवारी लिहिलं. बुधवारी कप फुटला. तेव्हा तिला हसू आलं. मग ‘मान अवघडली’ लिहिलं, तर त्याच दिवशी मान अवघडली. वही शाळेच्या कपाटात कुलपात असायची, नवऱ्याने ती पाहिलीही नव्हती.

गेल्या आठवड्यात वही वकीलबाईंकडे द्यावी लागली, तेव्हा पुढची पानं तिने मुद्दाम कोरी ठेवली. काल रंगाऱ्याने शीळ घालत उजव्या हाताने केस विंचरले.

“ते बरे होताहेत,” ती म्हणाली. “आम्हाला भरपाई नको. मला माझा माणूस धडधाकट हवाय.”

“ऐनवेळी अशी कच खाऊन कसं चालेल?” वकीलबाई समजुतीने म्हणाल्या. “कोरी पानं बघून मीच धास्तावले होते. काल आमच्या लेखनिकाने भरली सगळी, आजच्या तारखेसकट. जरा जोरकस लिहिलंय, पण चालतं तेवढं.”

तिने घाईघाईने शेवटचं पान काढलं. अक्षर परकं, टपोरं होतं.

‘आज दुपारपासून दोन्ही हात उचलले जात नाहीत. यापुढे कधीच उचलले जाणार नाहीत.’

दुपार होऊन गेली होती. वही तिथेच टाकून ती बाहेर धावली.

रंगारी बाकावर बसला होता. दोन्ही हात मांडीवर होते. तिला बघून तो ओशाळं हसला.

“अगं, चष्मा घसरलाय,” तो म्हणाला. “जरा वर करतेस?”