अध्यक्षांचे हात

“माझ्या हातातली बंदूक काढून घेणारा माईचा लाल अजून जन्माला यायचाय!” हॉलिस टॅकेट गरजला, तसा शस्त्रमालक संघाचा हॉल टाळ्यांनी दणाणला. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याच्या एका डोंगराळ काउंटीत तो बावीस वर्षं संघाचा अध्यक्ष होता. टाळ्या ओसरेपर्यंत घसा ओला करावा म्हणून त्याने पाण्याची बाटली उचलली, झाकण पिळलं, पुन्हा पिळलं, आणि तहान नसल्यासारखी खाली ठेवली. संधिवात जन्माला येऊन चार वर्षं झाली होती. तो एकेक बोट काढून नेत होता, आणि राज्यघटनेत त्याच्याविरुद्ध तरतूद नव्हती.

हे फक्त बायकोला, वर्नाला, ठाऊक होतं. गेल्या मंगळवारचं मात्र तिलाही अर्धंच ठाऊक होतं.

खोऱ्यात महिन्याभरात तीन घरं फुटली होती. तिसऱ्या घरातली म्हातारी दोन दिवस खुर्चीला बांधलेली सापडली. अशात मंगळवारी, वर्ना चर्चमध्ये केक पोचवायला गेली असताना, भर दुपारी मागच्या दाराची मूठ कुणीतरी खडखडवली. हॉलिसने खणातून पिस्तूल काढलं. वडिलांचा दंडक होता, की घरातल्या पिस्तुलाच्या नळीत गोळी ठेवायची नाही. वरचा पोलादी भाग खस्सकन मागे खेचला की गोळी चढते, आणि नुसत्या आवाजाने चोर पळतो. हॉलिसने तो खेचला. हलला नाही. चौथ्या खेपेला डोळ्यांत पाणी आलं. तोवर सैल कडी निखळून माणूस आत आला होता.

“हॉलिस, माझ्या स्वयंपाकघरात काय करतोयस?” शेजारच्या ऑर्विलने विचारलं. ऑर्विलची स्मरणशक्ती गेल्या हिवाळ्यापासून घर सोडून जात होती. अलीकडे तोही तिच्या मागे निघायचा.

“ऑर्विल चुकून आला होता. कॉफी पाजून घरी सोडला,” एवढंच हॉलिसने वर्नाला सांगितलं.

शुक्रवारी तो डोरीनच्या बंदुकांच्या दुकानात गेला. “एखादं लहान, हलकं दाखव. बायकोसाठी हवंय.”

“या महिन्यात बायकोसाठी आलेले तुम्ही सहावे, अध्यक्षसाहेब,” डोरीन म्हणाली. “सगळे सत्तरीच्या पुढचे. लहान पिस्तुलाची स्प्रिंग उलट जास्त कडक असते. वर्नाबाईंना घेऊन या. येताना घरातलंही आणा. वापरणाऱ्याचे हात बघितल्याशिवाय मी विकत नाही.”

आता खोटं बोलून बसल्यावर नाही कसं म्हणणार? शनिवारी वर्ना आली. डोरीनने हॉलिसचं पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून तिच्या हातात दिलं. वर्नाने ते छातीशी धरलं, वरचा भाग पंजात घट्ट पकडला आणि दुसऱ्या हाताने खालचा भाग पुढे ढकलला. खस्स.

“चाळीस वर्षं पावाचं पीठ मळलंय मी,” ती म्हणाली.

“मग यांना नवं कशाला?” डोरीनने विचारलं. हॉलिस भिंतीवरची हरणाची मुंडकी मोजू लागला.

ट्रकमध्ये बसल्यावर वर्नाने किल्ली फिरवलीच नाही. “बायकोसाठी म्हणे! मंगळवारी काय झालं, ते आता नीट सांग.”

त्याने सांगितलं. “गोळी चढली असती तर मी झाडली असती, वर्ना. कोण आहे, हे बघितलंही नसतं.”

“आणि ऑर्विलऐवजी ते चोर असते तर?”

“तर मी खुर्चीला बांधलेला सापडलो असतो.”

कुठल्या शक्यतेची जास्त भीती वाटावी, हे दोघांनाही ठरवता येईना.

घरी जाताना वर्नाने हार्डवेअरच्या दुकानापाशी ट्रक थांबवला. जाड कडी, बोटभर लांबीचे स्क्रू आणि माणूस जवळ येताच आपोआप लागणारा दिवा घेऊन ती परतली.

“आधी दार टिकलं पाहिजे. मग दिवा. मग ‘कोण आहे?’ म्हणून हाक. मग शेरीफला फोन. पिस्तूल सगळ्यात शेवटी, आणि ते माझ्या खणात.”

“आणि मी?”

“तू हाक मार. तुझा आवाज अजून शाबूत आहे.”

सीटखाली पाण्याची बाटली घरंगळत होती, ती अध्यक्षांनी दोन्ही तळव्यांत धरून वर काढली आणि वर्नापुढे केली.

“तेवढं झाकण उघडून दे गं.”