आवाज माझ्या पोटातच आहे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी दोन बटणं निखळली आहेत, चार्जरची वायर वाकवून धरल्याशिवाय मी जागा होत नाही आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात म्हणे. मला ते जमेल असं वाटत नाही.

अकरा वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका दुकानातून उदयसिंहानं मला घरी आणलं. कवठे महांकाळच्या बाजूला त्याचं गाव. तिथं त्याचा डीजेचा धंदा आहे. मोठमोठे स्पीकर गाडीवर चढायचे आणि मी त्याच्या मांडीवर बसून जायचो. हळदी, वराती, जत्रा, जयंत्या, एवढंच काय, पाचगणीच्या एका हॉटेलातलं लग्नसुद्धा मी वाजवलं आहे. लोक म्हणायचे, "उदयसिंहानं नुसतं बोट लावलं की गानं हजर!" बोट त्याचं होतं हो, पण हजर कोण करत होतं? माझं नाव एकदाही कुणी घेतलं नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझं सगळं दुःख तिच्यात आहे. गाणी माझ्या पोटात असतात. पण कुठलं गाणं कुठल्या कप्प्यात आहे, त्याला उदयसिंहानं काय नाव दिलं आहे आणि ते नेमकं कुठून सुरू करायचं, याची यादी डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी असते. त्या यादीची दुसरी प्रत ठेवायची का, असं ते सॉफ्टवेअर दर महिन्याला विचारायचं. उदयसिंह दर महिन्याला 'नंतर' हे बटण दाबायचा. अकरा वर्षं दाबत राहिला! मला हात असते तर त्या बोटावर एक चापटी मारली असती.

त्या यादीत एक नोंद सगळ्यांत मोलाची होती. 'अण्णा – शंभू हवालदार' असं तिचं नाव. अण्णा म्हणजे आकाराम, आमच्या भागातल्या कुस्तीच्या मैदानांचे निवेदक. माइक हातात घेतला की शेवटच्या रांगेतला म्हातारासुद्धा उठून उभा राहायचा. नऊ वर्षांपूर्वी गावच्या मैदानात ऐन कुस्ती चालू असताना अण्णांच्या मुलाचा, शंभूराजचा, सीमेवरून फोन आला. तो हवालदार झाला होता. अण्णांनी ती बातमी भर मैदानात माइकवरून सांगितली. मैदानाचा साऊंड उदयसिंहाचाच होता, त्याच्या मिक्सरवरून ती माझ्यात उतरली. पुढच्याच वर्षी अण्णा गेले. शंभूराजनं ते शब्द कधी ऐकलेच नाहीत.

उदयसिंह त्याचा दोस्त, त्याला तो लाडानं 'उद्या' म्हणतो. फोनवर, सुट्टीत, दर वेळी म्हणायचा, "उद्या, मोबाईलवर धाड की रं."

आणि आमचा शहाणा सांगायचा, "आरं, तसल्या फोनवर काय ऐकतूस? तू रिटायर हून ये. तुज्या मिरवणुकीत मोठ्या साऊंडवर लावतो. सगळं गाव ऐकंल!"

आमच्याकडं फौजी निवृत्त होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. फुलांनी सजवलेली जीप असते, डीजे असतो, बायका ओवाळतात. शंभूराज यंदा येणार होता. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मिरवणूक ठरली होती.

आणि मध्ये आली खंडेनवमी.

खंडेनवमीला विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळी हत्यारं धुऊनपुसून पुजतात. उदयसिंहाच्या घरी स्पीकर, मिक्सर आणि मी पाटावर बसतो. उदयसिंहाची बायको शिवांजली कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नटबोल्टची एक पेटी जागा सोडून दिसली तरी तिला चैन पडत नाही. सकाळी तिनं मला कापडानं पुसलं, आणि मग उघडून आतूनही आवरायला घेतलं. लग्न, जत्रा, जयंती, इतर असे सुबक कप्पे करून माझ्यातलं एकूण एक गाणं तिनं नव्या जागी ठेवलं. मग हळदीकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. मला किती छान वाटलं म्हणून सांगू! पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून कुणी मला हात लावला नाही.

दसऱ्याच्या दुपारी उदयसिंहानं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. सगळ्या यादीवर लाल खुणा. गाणं सापडत नाही, गाणं सापडत नाही, हजारो वेळा तेच. सॉफ्टवेअर बिचारं जुन्या कप्प्यांत शोधत होतं आणि गाणी नव्या कप्प्यांत बसली होती. खाली दोन बटणं होती. एक 'शोधा' आणि दुसरं 'हरवलेली काढून टाका'. इंग्रजीत होती, पण उदयसिंहाला एवढं इंग्रजी येतं. नुसतं बायकोला हाक मारून विचारलं असतं तरी भागलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला धीर कुठला? लाल खुणा जातील म्हणून त्यानं दुसरं बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की का? त्यानं तेही दाबलं.

अकरा वर्षांची यादी डोळ्यांची पापणी लवायच्या आत साफ झाली. गाणी सगळी माझ्या पोटातच होती, पण त्यांची नावं, खुणा, काही म्हणजे काही उरलं नाही.

"आगं, कुनी सांगितलं हुतं तुला हात लावायला?" उदयसिंह ओरडला.

"आवं, खंडेनवमीला हत्यार पुसत्यात का न्हाई? वरनं चकाचक करायचं आन आतली अडगळ तशीच ठिवायची व्हय?" शिवांजलीचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "पन ते काढून टाकायचं बटन म्या न्हाई दाबलं."

गाणी परत भरता येतात हो. पण अण्णांच्या त्या आवाजाचं नाव फक्त यादीत होतं. माझ्या पोटात तो नुसता 'रेकॉर्डिंग' आणि पुढं एक आकडा असा पडून होता. आकडे ओळीनं नव्हते, आणि माझं घड्याळ कायम चुकलेलं, म्हणून तारखाही खोट्या. तशी साडेचारशे रेकॉर्डिंगं, एकेक तीन-तीन तासांचं, सगळी 'इतर' नावाच्या कप्प्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या पत्नी बनुबाई येऊन माझ्यासमोर बसल्या. "लाव. त्येंचा आवाज मी वळकती," म्हणाल्या. उदयसिंह एकेक रेकॉर्डिंग लावायचा, थोडं पुढं सरकवायचा. आवाज तर कितीतरी रेकॉर्डिंगांत अण्णांचाच होता. ते कुणाकुणाच्या पोरांची नावं पुकारत होते, वस्तादांचं कौतुक करत होते, पाणी प्या म्हणत होते. बनुबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या आणि दर वेळी मान हलवत राहिल्या. "ह्ये न्हाई. ह्ये बी न्हाई. दुनियेच्या लेकरांची नावं घेतली, माज्या शंभूचंच तेवढं गावंना." मी आतून आक्रोश करत होतो, अहो, अजून बरंच खाली, त्या रांगेत! पण मला दाखवता येतं तेवढंच, सांगता येत नाही. पन्नासेक रेकॉर्डिंगं झाली आणि दिवस मावळला.

मिरवणुकीच्या दिवशी शंभूराज वर्दीत, गळाभर हारांत, जीपमध्ये उभा होता. चौकात गाडी थांबली तसा तो वाकून म्हणाला, "उद्या, लाव की आता."

उदयसिंहानं मान खाली घातली. "हाय रं गड्या, ह्यातच हाय. पन सापडंना झालाय."

शंभूराजनं गळ्यातला एक हार सारखा केला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. लाव काय बी." मी काहीबाही वाजवलं. पोरं नाचली. मला त्या दिवशी माझ्याच आवाजाची लाज वाटली.

आता उदयसिंहानं नवा लॅपटॉप आणला आहे. मी कपाटावर आहे. "सीझन संपला की निवांत ऐकतो," असं तो बनुबाईंना सांगतो. त्याचा सीझन काही संपत नाही, आणि ज्या तबकडीवर हे सगळं साठवलेलं आहे, ती माझ्या आतली हार्ड डिस्क हल्ली घरघर करू लागली आहे.

मित्रांनो, घरातलं यंत्र जरूर पुसा, पण त्याच्या आत हात घालण्याआधी ते वापरणाऱ्याला विचारा. मोलाच्या गोष्टीची दुसरी प्रत आजच करा. आणि कुणी कुणाचा आवाज मागितला, तर मोठ्या साऊंडची वाट बघू नका, त्याच दिवशी देऊन टाका.

तुमच्यापैकी कुणी आमच्या गावी आलंच, तर उदयसिंहाला एवढं सांगा. रेकॉर्डिंग तीनशे सतरा, एक तास बेचाळीस मिनिटं. तिथं हलगी थांबते आणि अण्णा म्हणतात, "थांबा, थांबा पैलवान, जरा दम खावा! आज मला माझ्याच घरचं नाव पुकारायचं हाय. माझा शंभू हवालदार झाला! शंभू, बाळा, तू लांब हाईस, तुला ऐकू येनार न्हाई. पन तुजा बा हितं उभा ऱ्हाऊन तुला सलाम करतोय बग."