विश्वासाचा आयटम

कॅप्टनने आयुष्यात एकदाही विमान चालवलं नव्हतं. बसला होता दोनदा, तेही शेपटीकडच्या रांगेत, कानात कापसाचे बोळे घालून. पण कॅमेऱ्याचा ड्रोन घरात आला आणि त्याच दिवसापासून तो स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायला लागला. लोकांचं काय जातंय, तेही म्हणायला लागले. मग टोपी आली, काळा चष्मा आला, खांद्यावर पट्ट्या असलेला पांढरा शर्ट आला. आकाशात उडायचं ते तव्याएवढं यंत्र, पण जमिनीवर थाट असा, की आता शिडी लागेल आणि प्रवासी उतरतील.

बायकोला मात्र कुणी पदवीबिदवी दिली नाही. तिचं काम वर बघण्याचं. कॅप्टनची नजर कायम रिमोटच्या पडद्यावर, त्यामुळे ड्रोन खरोखर कुठे आहे, तारेला घासतोय का, झाडात घुसतोय का, हे तिने डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि ओरडून सांगायचं. घरी आल्यावर आखडलेल्या मानेला स्वतःच शेक द्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळं चित्रीकरण कापून-जोडून गिऱ्हाइकाला द्यायचं, तेही तिनेच. व्हिजिटिंग कार्डावर नाव एकट्या कॅप्टनचं. जागा कमी होती म्हणे.

आणि त्याखेरीज एक काम होतं, ते म्हणजे 'विश्वासाचा आयटम'. हे नावही कॅप्टननेच दिलेलं. काम संपलं, लोक चहाला जमले, की तो बायकोला मोकळ्या जागेच्या एका टोकाला उभी करायचा आणि दुसऱ्या टोकाकडून ड्रोन सरळ तिच्या तोंडावर सोडायचा. लोकांच्या काळजाचा ठोका चुकायचा. ड्रोन भुणभुणत यायचा आणि तिच्या नाकापासून हातभर अंतरावर गपकन थांबायचा. टाळ्या! ड्रोनच्या पुढच्या बाजूला अडथळा ओळखणारे डोळे असतात, समोर काही आलं की तो आपणहून थांबतो, यात कॅप्टनची करामत शून्य. पण टाळ्यांसाठी वाकायचा तो कॅप्टनच. ड्रोन काय वाकणार!

ती उभी का राहायची, असं तिच्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. "अगं, डोळाबिळा गेला म्हणजे?" ती म्हणाली, "नाही हो आई, ह्यांचा हात पक्का आहे." खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. एरवी कॅप्टनच्या पडद्यावर बंगले असायचे, तलाव असायचे, लोकांच्या मोटारी असायच्या. त्या काही क्षणांत तिथे फक्त ती असायची, मोठी मोठी होत जाणारी. नवरा आपल्याकडे एवढं टक लावून दुसऱ्या कुठल्या वेळी बघतो, हे तिला आठवत नव्हतं. म्हणून पाच वर्षं ती पापणीही न लववता उभी राहिली.

आता रिमोटवरच्या त्या बटणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. बटण सरकतं. एका टोकाला सावकाश, मधे साधं, दुसऱ्या टोकाला 'स्पोर्ट'. स्पोर्टवर नेलं की ड्रोन सुसाट सुटतो. फक्त त्याचे ते अडथळा बघणारे डोळे मिटतात, ब्रेक लावला तरी तो बराच पुढे जाऊन थांबतो, आणि बॅटरी बघता बघता रिकामी होते. म्हणजे जेव्हा दिसायला हवं तेव्हाच आंधळं व्हायचं. हे सगळं यंत्र स्वतः पडद्यावर लिहून सांगतं. बटण सरकवलं की सूचना येते आणि कॅप्टन ती अंगठ्याने डास मारल्यासारखी पुसून टाकतो. बायकोने ती एकदा त्याच्या खांद्यावरून वाचली होती.

"अहो, ह्या मोडमध्ये तो आपणहून थांबत नाही, असं लिहिलंय."

"तू वर बघ," कॅप्टन म्हणाला होता.

त्या दिवशी काम होतं एका टायर कारखान्यात. कारखान्याच्या मागे टायर तपासायचा लांबलचक गोल रस्ता होता. त्यावर कामगारांची सायकल शर्यत होती. नंतर हिरवळीवर बक्षिसं आणि चहा. हिरवळीच्या कडेला सुरक्षा विभागाचा भला मोठा फलक, 'अपघाताविना गेलेले दिवस', आणि खाली आकडा. आकडा चांगला गलेलठ्ठ होता. सुरक्षा अधिकारी येता-जाता त्याच्याकडे असा बघत होता, जसा बाप परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराकडे बघतो.

कारखान्याचे मॅनेजर उत्साही गृहस्थ. त्यांनी कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कॅप्टन, मला थरार हवा, बरं का. वरून मुंग्या दाखवू नका."

झालं. कॅप्टनला एवढं पुरे होतं. शर्यत सुटली तसं त्याने बटण स्पोर्टवर नेलं, सूचना पुसली आणि ड्रोन सायकलींच्या मागे सोडला. पॅकिंग विभागातला एक लांबलचक गडी जीव खाऊन सगळ्यांच्या पुढे होता. ड्रोन त्याच्या डोक्यावरून असा गेला, की त्याने घाबरून मान खाली घातली आणि पहिला नंबर घालवला. मॅनेजर खूश. कॅप्टन तर त्याहून खूश. वाऱ्याच्या दिशेने जाताना सगळेच शूर असतात. परत येताना वारा समोरून होता, बॅटरीचा आकडा लाल झाला आणि ड्रोन दूर गोदामाच्या छपरावर पाय घासत बसल्यासारखा दिसायला लागला.

"अहो, उतरवा तिथेच!" बायको ओरडली.

"येतोय, येतोय!"

"तो येत नाहीये, तो तिथेच आहे!"

शेवटी आला. कसाबसा, रडतखडत, हिरवळीच्या कडेला टेकला. बायकोने वर ताणलेली मान खाली घेतली. कॅप्टनने घाम पुसला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "हिशेबाने उडवावं लागतं."

त्याने यंत्र बंद केलं, नवी बॅटरी घातली, पुन्हा चालू केलं. तेवढ्यात मॅनेजर चहाचा कप घेऊन आले. "कॅप्टन, तो तुमचा विश्वासाचा आयटम दाखवा की! मागे आमच्या साडूंच्या कार्यक्रमात केला होतात म्हणे. सारखं सांगत असतात."

लोक बाजूला झाले. बायको आपल्या जागेवर जायला निघाली आणि मधेच थांबली. परत आली, हळूच म्हणाली, "अहो, ते बटण साध्यावर आणलंत ना?"

"बॅटरी बदलली ना आत्ता? बंद करून चालू केलं की सगळं मूळपदावर येतं."

"एकदा बघा तरी."

"चारचौघांत मला शिकवू नकोस. जा, उभी राहा."

बंद केला होता तो ड्रोन. बटण होतं रिमोटवर. ड्रोनला शंभर वेळा झोपवून उठवलं तरी रिमोटवरचं बटण काय चालत जाऊन मधे बसणार होतं? ते सरकवलं होतं तिथेच होतं. बघायला एक नजर पुरली असती. पण कॅप्टन लोक खाली बघत नाहीत.

ती जाऊन उभी राहिली. नको म्हणता आलं असतं. पण मॅनेजर बघत होते, शंभरेक कामगार बघत होते, आणि नवऱ्याने इतक्या ठसक्यात सांगितलं होतं, की आपणच उगाच संशय घेतोय असं तिला वाटलं. मागे तो फलक होता. तिने हात बाजूला सोडले आणि समोर बघितलं.

ड्रोन निघाला. आणि आवाज वेगळा आला.

पाच वर्षं तिने तो आवाज ऐकला होता. आयटमच्या वेळी तो भुणभुणतो. आज किंचाळत होता, आणि नाक खाली घालून येत होता, मारक्या बैलासारखा. तिला विचार करायला वेळ नव्हता. आधी पाय हलले. ती बाजूला पडली, कानाशी काहीतरी सपकन लागलं, आणि मागे फलकावर असा धाडकन आवाज झाला की कोणाच्या तरी हातातला कप खाली पडला.

तिने कानाला हात लावला तर बोटं लाल. तिने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो धावत येत होता. तिच्या अंगावरून पुढे गेला, फलकाखाली पडलेल्या ड्रोनपाशी गुडघ्यावर बसला, त्याचा एक मोडलेला हात उचलून धरला आणि ओरडला,

"तू हललीस!"

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पाच वर्षांत कधी हलली नाहीस, आणि आजच हललीस! तू हललीस म्हणून त्याचा अंदाज चुकला!"

बिचाऱ्या ड्रोनचा अंदाज. तिने एका जागी उभं राहून तो नीट तोंडावर घ्यायला हवा होता.

सुरक्षा अधिकारी प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आला. त्याने कानाला पट्टी लावली, हे त्याचं कौतुकच. पण पट्टी लावताना त्याची नजर फलकावर होती. फलकाला तडा गेला होता, आकडा मात्र शाबूत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. अपघात धरला तर आकडा शून्यावर आणायचा, आणि तोही स्वतःच्या हाताने.

"ताई," त्याने अगदी हळुवार विचारलं, "तुम्ही आमच्या कामगार नाही ना?"

"नाही."

"मग ह्यांच्या? म्हणजे पगारावर?"

ती काही बोलणार तेवढ्यात कॅप्टन घाईघाईने म्हणाला, "छे छे, पगार कसला? घरचीच आहे. बायको आहे माझी."

सुरक्षा अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडला. "असं होय! मग हा अपघात धरता येत नाही. घरगुती बाब आहे." त्याने फलकाचा तडा चिकटपट्टीने सांधला आणि आकडा पुसून लख्ख केला. मॅनेजर म्हणाले, "चला, थोडक्यात निभावलं." कॅप्टन म्हणाला, "तरी मी नेहमी सांगतो हिला."

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. असा राग, की कानाचं दुखणंसुद्धा कमी झालं. पाच वर्षं आपण ज्याच्या एका शब्दावर तोंड पुढे करून उभ्या राहिलो, त्याने यंत्राला आधी हात लावला. आणि आपल्या रक्ताचा हिशेब कोणत्याच फलकावर नाही.

ती उठली. गाडीत मागच्या सीटवर कॅप्टनचा जुना ड्रोन असायचा, नवा बिघडला तर हाताशी असावा म्हणून. तो त्याच्या रिमोटसकट घेऊन ती हिरवळीवर परत आली. दोन्ही चालू केले. रिमोट सगळ्यांना दिसेल असा धरला आणि बटण साध्यावर आहे हे बोटाने दाखवलं.

"मॅनेजरसाहेब, आयटम अर्धा राहिलाय," ती म्हणाली. "अहो, तिथे उभे राहा. मी उभी होते तिथे."

कॅप्टन हसला. मग तिच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. "काय पोरखेळ लावलायस? तुला कुठे येतो उडवता?"

"यंत्र आपणहून थांबतं. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"हो, पण..."

"मग?"

लोक बघत होते. पॅकिंगमधला तो लांबलचक गडी तर चांगलाच पुढे येऊन बघत होता. कॅप्टनने टोपी सारखी केली आणि जाऊन उभा राहिला. तिथून त्याने विचारलं, "साध्यावरच आहे ना?"

"आहे."

"नीट बघ."

"बघितलं."

"परत एकदा बघ ना!"

तिने परत एकदा बघितलं. पाच वर्षांत तिच्यासाठी कुणी एकदाही बघितलं नव्हतं, तरी तिने बघितलं. मग अंगठ्याने दांडी पुढे रेटली. जुना ड्रोन संथपणे भुणभुणत निघाला. पडद्यावर तिला तो दिसला, टोपी, चष्मा, खांद्यावरच्या पट्ट्या, मोठा मोठा होत जाणारा. किती घाबरलेला दिसत होता. नवरा एवढ्या जवळून तिनेही कधी बघितला नव्हता.

ड्रोन चांगला वीस हात लांब असतानाच कॅप्टनने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तो बाजूला पळाला. टोपी तिथेच राहिली.

तिने अंगठा उचलला. ड्रोन जागच्या जागी थांबला. हिरवळीवर पहिल्यांदा तो गडी हसला, मग सगळेच. तिला मात्र हसू आलं नाही. तिने ड्रोन हळूच खाली उतरवला, बंद केला आणि रिमोट नवऱ्याच्या हातात दिला.

"तुम्ही हललात," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.